ज्याचं उत्तर बाईंना माहीत नाही

मागच्या अंकात माझ्या पहिल्या तासाचा किस्सा लिहिला होता. 1988 साल, कोल्हापुरातल्या पेठेतली मराठी माध्यमाची शाळा, समोर पंचावन्न पोरं. मी पेन उंच धरलं आणि विचारलं, 'व्हॉट इज धिस?' सगळा वर्ग एका सुरात ओरडला, 'धिस इज अ पेन!' शेवटच्या बाकावरचं एक पोरगं शेजाऱ्याला हळूच म्हणालं, "बाईंना दिसंना झालंय व्हय?"

पुढं एकतीस वर्षं इंग्रजी शिकवलं. अधिकाऱ्यांचे शेरे आले, गेले. त्या पोराइतका नेमका शेरा कुणी दिला नाही. जे सगळ्यांना दिसतंय ते विचारायचं, सगळ्यांनी ते ओरडून सांगायचं, आणि वर वहीत 'संभाषण घेतले' असं टाचण लिहायचं, असा तो कारभार होता.

त्यावर पत्रं बरीच आली. एका गृहस्थांनी माझ्या लेखातल्या इंग्रजी शब्दांखाली लाल शाईनं रेघा मारून कात्रण परत पाठवलं आहे. त्यांना नमस्कार. बाकीच्यांपैकी काहींना इथं उत्तरं देते.

प्रश्न : मी राधानगरी तालुक्यातल्या दोनशिक्षकी शाळेत आहे. रोज दहा शब्द अर्थासह पाठ करायला देतो, दुसऱ्या दिवशी चाचणी घेतो. मुलं दहापैकी आठ-नऊ लिहितात. महिन्यानं तेच शब्द विचारले की पाटी कोरी. कुठं चुकतंय?

गुरुजी, आधी हिशोब करू. रोज दहा, शाळेचे दिवस दोनशेच्या पुढं. म्हणजे वर्षाला दोन हजार शब्द. मायकेल वेस्ट नावाचे इंग्रज शिक्षक होते, त्यांनी बंगालमधल्या शाळांसाठी बरीच वर्षं काम केलं. इंग्रजीत सगळ्यात जास्त उपयोगी पडणारे शब्द कोणते, याची त्यांची यादी 1953 साली छापली गेली. तीही साधारण दोन हजारांचीच. तेवढ्यावर रोजच्या वाचनातला बहुतेक भाग उलगडतो. तुमच्या वेगानं जायचं तर चौथीतलं पोरगं पुढच्या मे महिन्यात इंग्रजी पेपर घेऊन कट्ट्यावर बसायला हवं. बसत नाही, कारण तुमची चाचणी शब्द मोजत नाही, त्या सकाळचं घोकणं मोजते. पोरं शाळेच्या वाटेवर म्हणत येतात आणि कागदावर उतरवून मोकळी होतात.

हर्मान एबिंगहाउस या जर्मन माणसानं 1885 साली यावर पुस्तक छापलं. प्रयोग स्वतःवरच केले होते. निरर्थक अक्षरजोड्या पाठ करायच्या आणि किती वेळानं किती उरतात ते मोजायचं. मोठी गळती पहिल्या काही तासांत होते, मग ती मंदावते, आणि मधून मधून उजळणी केली की गळती कमी होत जाते, असं त्याला दिसलं. तेव्हा रोज नवे दहा देण्यापेक्षा चारच द्या, आणि जुने परत परत समोर आणा.

कसे आणायचे? मी चपलेचा खोका वापरायची. मूळ कल्पना सेबास्टियन लाइटनर या पत्रकाराची, 1972 सालची. खोका मात्र आपल्या चप्पल लाईनमधला. आत पुठ्ठ्याचे दोन आडवे तुकडे लावून तीन कप्पे करायचे. पहिला रोज उघडायचा, दुसरा बुधवारी, तिसरा शनिवारी. शब्दपट्ट्यांना जुन्या लग्नपत्रिका घ्या, मागची बाजू कोरी असते, कागद जाड असतो आणि आपल्याकडं लग्नसराईत त्यांचा तोटा नसतो. शब्द आला की पट्टी पुढच्या कप्प्यात जाते, चुकला की परत पहिल्यात. दोन पोरं एकमेकांना विचारतात, गुरुजींनी नुसतं फिरत राहायचं. दोन वर्ग एकत्र बसवावे लागतात त्या शाळेत तर हे फारच सोयीचं आहे. एका इयत्तेचं गणित चालू असताना दुसरी खोक्यावर बसते.

आता शब्द कुठले? हे जास्त महत्त्वाचं. मी पहिल्या वर्षी फळ्यावर 'मेडो', 'ऑर्चर्ड' आणि 'हे' लिहिले होते. 'हे' म्हणजे वाळकं गवत, हे सांगता सांगता अर्धा तास गेला, कारण पोरं विचारत राहिली, "हे म्हंजे काय, बाई? हे?" तुमच्या पोरांना सांगा, सकाळी उठल्यापासून शाळेत येईपर्यंत हाताला जे जे लागलं त्यातल्या एकाच गोष्टीचं इंग्रजी मला विचारा. बादली, वैरण, दावं, धार काढणं, उसाची मोळी येईल. 'मिल्क द बफेलो' ऐकून माझ्या वर्गातली एक मुलगी दोन दिवस हसत होती. दूध हे नाव, आणि त्याचंच क्रियापद! तो शब्द मग तिला मी पाठ करायला दिला नाही, तिनंच ठेवून घेतला. प्रश्न पोराचा असला की शब्द त्याच्या घरी जातो.

शिवाय शब्द एकटा देऊ नका. आपल्या मराठीत 'करणे' आणि 'लावणे' ही दोन क्रियापदं म्हणजे सामायिक विहिरी आहेत, सगळं गाव त्यातनं पाणी भरतं. चहा करतो, अभ्यास करतो, आंघोळ करतो, फोन करतो. इंग्रजीत चहा 'मेक' होतो, अभ्यास 'डू' होतो, आंघोळ 'हॅव' किंवा 'टेक' होते. म्हणून पोरगं 'आय डू टी' म्हणतं. शब्दपट्टीवर नुसतं 'टी' लिहिलं तर ही चूक कधी जाणार नाही, 'मेक टी' लिहा.

'लावणे'चा तर मी खेळच करायची. गटागटानं जास्तीत जास्त 'लावणे' गोळा करून आणायचे, मग प्रत्येकाला इंग्रजीत वेगळं क्रियापद शोधायचं. लाईट लाव : स्विच ऑन. दार लाव : शट. झाड लाव : प्लांट. गाडी लाव : पार्क. गजर लाव : सेट. डोक्याला तेल लाव म्हटल्यावर 'अप्लाय' की 'पुट', यावर भांडण. एका वर्षी एका पोरानं उठून अत्यंत सभ्य चेहऱ्यानं विचारलं, "बाई, वाट लाव?" पुढची दहा मिनिटं वर्ग माझ्या हातात नव्हता. पण 'रुइन' हा शब्द त्या तुकडीत एकही पोर विसरलं असेल असं मला वाटत नाही.

प्रश्न : मी शहरातल्या शाळेत आठवीला शिकवते. नोकरीचं दुसरंच वर्ष. वर्गात 58 मुलं. जोड्या करून इंग्रजीत बोला म्हटलं की मुलं मराठीत गप्पा मारतात, गोंगाट होतो, शेजारच्या वर्गाचे सर दारात येऊन उभे राहतात. जोडीकाम मोठ्या वर्गात होतच नाही का?

होतं. पण 'बोला' म्हटल्यावर कुणी बोलत नाही हो. मला कुणी रंकाळ्यावर बसवून 'आता शेजारच्या बाईशी कानडीत बोला' म्हटलं तर मीही चिरमुरे खात बसेन. बोलायला कारण लागतं. आणि सगळ्यात साधं कारण म्हणजे तुझ्याकडं एक गोष्ट आहे, ती माझ्याकडं नाही, आणि मला ती हवी आहे.

एसटीचा तक्ता करा. मध्यवर्ती बसस्थानकावरून सुटणाऱ्या चार गाड्या घ्या : पन्हाळा, जोतिबा, गगनबावडा, नृसिंहवाडी. प्रत्येकीची वेळ, फलाट, तिकीट. हा तक्ता दोन चिठ्ठ्यांवर काढायचा. 'अ' चिठ्ठीवर निम्मी घरं कोरी ठेवायची, 'ब' चिठ्ठीवर उरलेली निम्मी. आता 'अ'ला पन्हाळ्याची वेळ हवी असेल तर 'ब'ला विचारण्यावाचून गत्यंतर नाही : 'व्हॉट टाइम डज द पन्हाळा बस लीव्ह?' 58 पोरांच्या 29 जोड्या, म्हणजे एकाच वेळी 29 तोंडं चालू. एकेकाला उभं करून विचारलं असतंत तर पस्तीस मिनिटांच्या तासात प्रत्येकाच्या वाट्याला अर्ध्या मिनिटाच्या वर काही आलं नसतं.

मी हे पहिल्यांदा केलं तेव्हा सपशेल आपटले. पोरांनी चिठ्ठ्या शेजारी शेजारी ठेवल्या, बघून घरं भरली आणि अर्ध्या मिनिटात 'बाई, झालं' म्हणून हात वर. एक अक्षर बोलली नाहीत. दुसऱ्या दिवशी दोघांच्या मध्ये दप्तर उभं केलं. दप्तराची भिंत. त्यानंतर आवाज आला. आणखी एक फजिती सांगते : वेळा मी मनानं टाकल्या होत्या. पन्हाळ्याकडच्या गावातनं रोज ये-जा करणारा एक मुलगा उठला आणि म्हणाला, 'नो बाई, धिस बस इज राँग.' त्याला खरी वेळ माहीत होती, मला नव्हती. सबंध वर्षात त्यानं स्वतःहून बोललेलं ते पहिलं इंग्रजी वाक्य. पुढच्या वर्षीपासून वेळा मी मुद्दाम चुकवून टाकायला लागले.

हे माझं डोकं नव्हे. एन. एस. प्रभू यांनी ब्रिटिश कौन्सिलमध्ये असताना 1979 ते 1984 या काळात बेंगळुरू आणि दक्षिणेतल्या इतर काही ठिकाणच्या शाळांत असाच प्रयोग चालवला. साध्या शाळा, मोठे वर्ग, फळा आणि खडू. व्याकरणाचे धडे बाजूला ठेवून मुलांना नकाशे, वेळापत्रकं, हिशोब असली कामं इंग्रजीतून सोडवायला दिली. त्यांनी या कामांचे तीन प्रकार सांगितले. एक, माझ्याकडची माहिती तुझ्याकडं नाही. दोन, दिलेल्या माहितीवरनं डोकं चालवून नवीन काढायचं, जसं की सकाळी दहाला वाडीला पोचायचं तर कुठली गाडी धरावी. तीन, माझं मत तुझ्यापेक्षा वेगळं आहे. जगभर आता या पद्धतीवर पुस्तकं आहेत, आणि आपल्या शेजारच्या राज्यात झालेली गोष्ट आपल्याकडं प्रशिक्षणात लांबचा वळसा घेऊन येते. असो.

तिसऱ्या प्रकाराला कोल्हापुरात विषयांचा दुष्काळ नाही. शाहू स्टेडियमवर कुणाची मॅच बघायची, हे पेठेतल्या पोरांना विचारायची सोय नाही, मारामारी होईल. पण इंग्रजीत होणार असेल तर होऊ द्या. फळ्यावर आधी चार आधार लिहून ठेवायचे : 'आय थिंक', 'आय डोन्ट ॲग्री बिकॉज', 'से दॅट अगेन, प्लीज', 'व्हॉट इज द वर्ड फॉर...?' शेवटचे दोन सगळ्यात मोलाचे. अडल्यावर पोरगं मराठीकडं पळतं, कारण इंग्रजीत अडलो हे इंग्रजीत कसं सांगायचं ते आपण शिकवलेलंच नसतं.

मराठी अजिबात बंद करू नका. काम समजून घेताना मराठी चालेल, काम करताना इंग्रजी. दंड वगैरे लावू नका. मी एक वर्ष मराठी शब्दाला चार आणे दंड ठेवला होता. वर्ग इतका शांत झाला की शेजारचे सर कौतुक करायला आले.

गोंगाटाचं म्हणाल तर कान तयार करावा लागतो. कामाचा आवाज गुऱ्हाळाच्या इंजिनासारखा एकसारखा येतो. तो मध्येच फाटला, कुठं तरी खिदळणं वर आलं, की त्या कोपऱ्यात जाऊन उभं राहायचं. वेळ बांधून द्या, चार मिनिटं, बस्स. चार मिनिटांनी घंटी. एकाआड एक बाकावरच्या मुलांना मागं वळवलं की नवी जोडी तयार, बाक हलवायला नकोत. आणि शेजारच्या सरांना एकदा आत बोलवा. त्यांच्या हातात एक चिठ्ठी द्या.

घाई झाली तर 'चार-तीन-दोन' एवढं तरी करा. न्यूझीलंडच्या पॉल नेशन यांच्या लिखाणामुळं हे सगळीकडं माहीत झालं. पोरानं एकच गोष्ट, म्हणजे समजा काल घरी काय घडलं, ती एकाला चार मिनिटांत सांगायची, दुसऱ्याला तीन आणि तिसऱ्याला दोन मिनिटांत. ऐकणारा दर वेळी नवा, म्हणून सांगण्यात अर्थ राहतो. आठवीला चार मिनिटं फार होतात, मी तीन-दोन-एक करायची.

प्रश्न : गटात गोष्ट वाटून देण्याचा प्रकार प्रशिक्षणात दाखवला होता. मी पावनखिंडीचा प्रसंग चार तुकड्यांत दिला. मुलांना मजाच आली नाही. असं का? (एक शिक्षक, पन्हाळा तालुका)

पन्हाळ्यात पावनखिंड! अहो सर, ती गोष्ट तिथल्या पोरांना पाळण्यात असल्यापासून माहीत आहे. सिद्दी जौहरचा वेढा, शिवा काशीद, बाजीप्रभू, विशाळगडावरची तोफ. पहिल्या तुकड्याच्या पहिल्या ओळीला पोरगं ओळखणार. मग उरलेले तिघं कशाला ऐकतील? पुन्हा 'धिस इज अ पेन'च झालं.

या पद्धतीची सुरुवात एलियट ॲरनसन यांनी 1971 साली अमेरिकेतल्या ऑस्टिन शहरात केली. तिथल्या वर्गांत गोरी, काळी आणि मेक्सिकन वंशाची मुलं नुकतीच एकत्र बसायला लागली होती आणि एकमेकांशी पटत नव्हतं. प्रत्येकाकडं धड्याचा एकेक तुकडा दिला, की ज्याच्याशी पटत नाही त्याचंही ऐकावं लागतं. सगळी गंमत त्या 'लागतं' मध्ये आहे.

पावनखिंडीऐवजी राधानगरी धरण घ्या. दर पावसाळ्यात 'राधानगरीचे स्वयंचलित दरवाजे उघडले' ही बातमी पोरं ऐकतात, पंचगंगेचं पाणी कुठवर चढलं म्हणून घरची मोठी माणसं काळजी करतात. पण दरवाजे सात आहेत, पाणी ठरावीक पातळीला चढलं की ते आपले आपण उघडतात, धरण भोगावतीवर आहे आणि काम शाहू महाराजांनी सुरू केलं, हे चारी तुकडे एकाच पोराला क्वचितच माहीत असतात. एकेका तुकड्याची पाच-सहा सोपी इंग्रजी वाक्यं तुम्ही स्वतः लिहा. शेवटी असा प्रश्न ठेवा की चारही तुकडे जोडल्याशिवाय तो सुटूच नये.

प्रश्न : मुलांची चूक तिथल्या तिथं दुरुस्त करावी की नाही? 'आय ॲम हॅविंग टू ब्रदर्स' ऐकून माझ्या अंगावर काटा येतो. (इचलकरंजी)

काटा गिळा. पोरगं तुम्हाला भावांबद्दल सांगतंय. त्या वेळी 'ओ, यू हॅव टू ब्रदर्स? एल्डर ऑर यंगर?' एवढंच म्हणा. बरोबर वाक्य त्याच्या कानावर गेलं आणि बोलणंही थांबलं नाही. सराव व्याकरणाचा चालू असेल तेव्हा मात्र खुशाल अडवा, त्यासाठीच तो तास आहे.

जोड्या बोलत असताना मी वही घेऊन फिरायची आणि चुका नाव न घालता टिपायची. शुक्रवारी त्यांचा सौदा व्हायचा, मार्केट यार्डातल्या गुळाच्या सौद्यासारखा. फळ्यावर दहा वाक्यं, काही बरोबर, काही चुकीची. प्रत्येक गटाकडं शंभर खोटे रुपये. जे वाक्य बरोबर वाटेल त्यावर बोली लावायची, चुकीचं वाक्य घेतलं तर पैसे बुडाले. 'ही टोल्ड टू मी' या वाक्यावर एका गटानं साठ रुपये घातले होते. ते साठ रुपये त्यांना अजून आठवतात, भेटल्यावर सांगतात.

काही चुका मात्र मला गोड वाटायच्या. एक मुलगी खिडकीतनं बघत म्हणाली, 'बाई, बस! शी इज कमिंग!' मराठीत बस 'ती' आहे, मग इंग्रजीत 'शी' का नसावी? आणि आपल्या कोल्हापूरकडच्या पोरींचं उलटं. त्या घरात 'मी आलो, मी जेवलो' म्हणतात, शाळेत बाई 'आले, जेवले' म्हणायला लावतात. इंग्रजीत 'आय केम' म्हटलं की ही भानगडच नाही. एकीनं मला विचारलं होतं, "बाई, मग इंग्रजी आपल्यासारखंच बोलतंय की?"

प्रश्न : आमच्या वेळी इंग्रजी पाचवीपासून होतं. व्याकरण आणि भाषांतरावर भर असायचा, तरी आमचं इंग्रजी आजच्यापेक्षा बरं आहे. हे खेळ कशाला? (एक निवृत्त वाचक, राजारामपुरी)

साहेब, तुमचं पत्र इंग्रजीत आहे आणि त्यात खरंच एक चूक नाही. माझंही इंग्रजी तुमच्यासारखंच झालं. बी.ए. झाल्यावर मुंबईला मुलाखतीला गेले, समोरच्यांनी 'हाऊ वॉज युवर जर्नी?' विचारलं आणि मी त्या वाक्याचं मनात मराठी करत राहिले. 2000 सालापासून आपल्याकडं पहिलीपासून इंग्रजी आलं. वर्षं वाढली, म्हणून मी खेळाला जागा मागते. व्याकरणाची जागा मी मागत नाही.

प्रश्न : आम्ही हुपरीचे. घरात चांदीचं काम आहे. मुलगी सहावीत. पेपरात चांगले मार्क, पण वर्गात इंग्रजीच्या तासाला तोंड उघडत नाही, असं मॅडम सांगतात. घरी एकटी असली की कार्टूनमधलं बडबडते. मला इंग्रजी येत नाही, त्यामुळं तिला मदतही करता येत नाही. क्लास लावू का?

ताई, क्लास नको. न बोलणारं मूल शिकत नाही असं नसतं. नवी भाषा कानात मुरत असताना बरीच मुलं काही काळ गप्प राहतात. जेम्स ॲशर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं 1960 च्या दशकात यावरच पद्धत बांधली : सुरुवातीला मुलांनी बोलायचंच नाही, शिक्षकानं सांगितलेलं अंगानं करून दाखवायचं. 'उठ', 'दाराला हात लाव', 'वही मैत्रिणीच्या डोक्यावर ठेव'. तिच्या मॅडमना सांगा, आठवड्यातनं एकदा पाच मिनिटं असं करा. आणि मग हुकूम सोडायचं काम तुमच्या लेकीला द्या. वर्गाला उठवायला-बसवायला मिळतंय म्हटल्यावर भल्याभल्या मुक्यांना कंठ फुटतो.

मॅडमना आणखी एक सांगा. मेरी बड रो यांनी 1970 च्या दशकात वर्गांत तपासलं, की प्रश्न विचारल्यावर शिक्षक उत्तरासाठी किती थांबतात. साधारण एक सेकंद! तीन सेकंद थांबलं तर मुलं जास्त बोलतात, लांब उत्तरं देतात आणि एरवी गप्प असणारीही पुढं येतात. मी हे वाचलं तेव्हा मनात 'एक अंबाबाई, दोन अंबाबाई, तीन अंबाबाई' म्हणून थांबायला लागले. सुरुवातीला ती शांतता फार जड जाते. सवय होते.

आणि पाहुण्यांसमोर 'पोएम म्हणून दाखव' तेवढं बंद करा.

आता तुमचं. तुम्ही लिहिलंय की मला इंग्रजी येत नाही, म्हणून मदत करता येत नाही. ताई, मी एकतीस वर्षं चिठ्ठ्या कापल्या, दप्तरांच्या भिंती उभ्या केल्या, ते कशासाठी? समोरच्याला खरंच माहीत नाही अशी परिस्थिती वर्गात ओढून-ताणून आणावी म्हणून. तुमच्या घरात ती आयती आहे. संध्याकाळी पैंजणाला घुंगरू जोडताना लेकीला विचारा, "याला तुमच्यात काय म्हणतात गं?" तिला येत नसेल तर ती उद्या मॅडमना विचारून येईल, म्हणजे वर्गात तिला तोंड उघडावं लागेल, आणि तेही स्वतःच्या प्रश्नासाठी. आल्यावर तुम्हाला शिकवेल. तुम्ही चुकीचं म्हणा, मुद्दाम नव्हे, आपोआपच चुकेल. ती सुधारेल. रोज एकच शब्द घ्या. वही तुमची, अक्षर तुमचं, मास्तरीण ती.

एवढंच सांभाळा, की उत्तर माहीत असल्यासारखं करू नका. मुलांना ते लगेच कळतं.

प्रश्न : महाद्वार रोडच्या बाजूला माझं चपलांचं दुकान आहे. वय 41. परगावचे, परदेशचे लोक येतात, त्यांच्याशी किमतीपुरतं बोलतो, पुढं गाडी अडते. क्लासला जायला वेळ नाही.

दादा, तुम्हाला क्लासची गरज नाही, आठवीच्या एका वर्गाला तुमची गरज आहे. वर ज्या बाईंचं पत्र आहे तशा कुणाला तरी गाठा. सोमवारी दुकान उघडायच्या आधी अर्धा तास शाळेत जा. सोबत पिशवीत तीन-चार जोड न्या : कापशी, पुकारी, कुरुंदवाडी. पोरांनी तुम्हाला इंग्रजीत विचारायचं, तुम्ही येईल तसं सांगायचं. 'हाऊ मेनी डेज?' 'विच लेदर?' 'व्हाय डज इट मेक दॅट साउंड?' अडलं की मराठीत सांगा, वर्ग मिळून त्याचं इंग्रजी करेल आणि ते वाक्य फळ्यावर जाईल. तुम्ही फोटो काढून घ्या. दुकानात गिऱ्हाईक हेच प्रश्न विचारतं, दहा वेळा तेच. 2019 साली कोल्हापुरी चपलेला भौगोलिक मानांकन मिळालं, ते काय असतं हेही गिऱ्हाईक हमखास विचारणार. त्याची तीन वाक्यं पोरांकडनं बसवून घ्या.

मी असा पाहुणा वर्गात पहिल्यांदा आणला तेव्हा तास संपल्याची घंटा झाली तरी कुणी उठेना. एका पोरीनं चपलेच्या बाजूच्या त्या दोन पाकळ्यांकडं बोट दाखवून विचारलं होतं, 'व्हॉट इज धिस?' पाहुण्यांनी सांगितलं, "ह्याला कान म्हणतात." मग म्हणाले, "इंग्लिशमध्ये काय, ते तुमच्या बाईंना विचार." सगळ्या वर्गानं माझ्याकडं बघितलं.

जाताना कान नीट दिसतील अशी एक जोडी वर ठेवा.